हीट पंप आणि घराचा जमाखर्च

पुण्या-मुंबईच्या पुष्कळ कुटुंबांतील कोणी ना कोणी हल्लीं इंग्लंडांत संसार थाटून आहे. तेथें एखादें जुनें घर विकत घेतल्याची आनंदाची वार्ता येते आणि तिच्या पाठोपाठ एक नवा प्रश्न येतो: घर ऊबदार ठेवणारा गॅसचा बॉयलर काढून त्या जागीं हीट पंप बसवावा काय? बसविल्यास पदरचे पैसे किती लागतील, आणि पुढें बिल उतरेल कीं चढेल? इकडील वडील मंडळींचा सल्ला विचारला जातो. क्वचित् त्यांच्या शिलकीलाहि हात घालावा लागतो. थंडीशीं ज्यांचा संबंध शाल-स्वेटरापुरताच आला, त्यांनीं या प्रश्नाचें मर्म समजून घेणें म्हणूनच अगत्याचें आहे.

यंत्राचें तत्त्व मात्र अनोळखी नाहीं. स्वयंपाकघरांतील रेफ्रिजरेटरच्या पाठीमागें हात धरला, तर ऊब लागते. आंतल्या दुधा-भाजीची उष्णता काढून ती बाहेर टाकण्याचें काम तें यंत्र करीत असतें. हीट पंप हेंच काम उलट दिशेनें करतो. बाहेरची हवा शून्य अंशावर उतरली, तरी तिच्यांत उष्णता ही असतेच. अतिशय कमी तपमानावर उकळणारा एक द्रव ती शोषून घेतो. त्याची झालेली वाफ विजेच्या कॉम्प्रेसरनें दाबली कीं अधिक तप्त होते, आणि ती उष्णता घरांत खेळविलेल्या पाण्यास दिली जाते. येथें वीज उष्णता निर्माण करीत नाहीं, ती नुसती वाहून आणते. विजेची भूमिका हमालाची. माल येतो तो हवेंतून. म्हणूनच एक युनिट वीज खर्चून तीन युनिट उष्णता पदरांत पाडून घेतां येते. या पटीस पंपाचें गुणोत्तर म्हणूं.

ही कल्पना कांहीं आजची नव्हे. १८५२ सालीं विल्यम थॉमसन या शास्त्रज्ञानें, जो पुढें लॉर्ड केल्व्हिन या नांवानें विख्यात झाला, ती कागदावर मांडली. हॉल्डेन नांवाच्या विद्युत्-अभियंत्यानें १९२० नंतरच्या दशकांत स्कॉटलंडमधील आपल्या घरीं तिचा प्रयोग केला. आणि १९४५ सालीं जॉन सम्नर यानें नॉर्विच शहरांत नदीच्या पाण्यांतून उष्णता घेऊन एक इमारत तापविली. मग इतकी जुनी कल्पना ब्रिटनमध्यें घरोघरीं कां गेली नाहीं? याचें उत्तर बऱ्याच अंशीं हिशेबाच्या वहींत सांपडतें. तेथें कोळसा व गॅस स्वस्त होता, आणि वीज महाग.

प्रथम उभारणीचा खर्च पाहूं. हवेंतून उष्णता घेणारा पंप मध्यम घरांत बसविण्यास तेथें साधारणतः दहा ते पंधरा हजार पौंड पडतात. इंग्लंड व वेल्ससाठीं सरकारनें मे २०२२ मध्यें ५,००० पौंडांचें अनुदान सुरू केलें आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें तें ७,५०० पौंडांवर नेलें. ही रक्कम घरमालकाच्या हातांत पडत नाहीं. यंत्र बसविणारा ती सरकारकडून मागून घेतो व आपल्या बिलांतून वजा करतो. त्याच्यापाशीं मान्यतेचा दाखला नसेल, तर अनुदानहि नाहीं. तेव्हां दरपत्रकाच्या आधीं दाखला पाहावा, हें उत्तम. शिवाय एप्रिल २०२२ पासून मार्च २०२७ अखेरपर्यंत या कामावरील मूल्यवर्धित कर शून्य ठेवण्यांत आला आहे. उदाहरणादाखल बिल १२,५०० पौंडांचें धरलें, तर पदरचे ५,००० लागतील. जुना बॉयलर मोडकळीस आलाच असेल, तर नव्यास लागणारे सुमारें ३,००० पौंड वांचतात, आणि खरा जादा भार दोन हजारांचाच उरतो.

परंतु हा आंकडा यंत्रावर कमी आणि घरावर अधिक अवलंबून असतो. बॉयलरचें पाणी बहुधा ७० अंशांच्या आसपास तापतें. पंप मात्र ३५ ते ५५ अंशांच्या दरम्यान काटकसरीनें चालतो. खोली २० अंशांवर ठेवावयाची असतां जो रेडिएटर सरासरी ७० अंशांच्या पाण्यावर हजार वॅट उष्णता देतो, तोच ५० अंशांच्या पाण्यावर पांचशेंच्या जवळपासच देतो. म्हणून कांहीं खोल्यांतील रेडिएटर मोठे घ्यावे लागतात. नळ उघडतांच पाणी तापविणारा बॉयलर ज्या घरांत असतो, तेथें गरम पाण्याची टाकी नसते. पंपास ती लागते, साधारण दोनशें लिटरची, आणि तिच्यासाठीं एखादें कपाट रिकामें करावें लागतें. या सर्व बाबी दरपत्रकांत निरनिराळ्या मांडलेल्या असाव्यात. ज्यानें खोलीगणिक भिंती, खिडक्या व छत यांतून निसटणाऱ्या उष्णतेचा हिशेब केला नाहीं, त्याचें दरपत्रक कितीहि स्वस्त असलें तरी बाजूस ठेवावें.

आतां चालू खर्च. ब्रिटनमध्यें सामान्य घराचा वार्षिक वापर ११,५०० युनिट गॅस असा धरतात. २०२५ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहींत ठरविलेल्या कमाल दरानें गॅस ६.२९ पेन्स व वीज २६.३५ पेन्स युनिट होती. त्या दरानें गॅसचे ७२३ पौंड होतात. जोडणीचा स्थिर आकार दिवसाला सुमारें ३४ पेन्स, म्हणजे वर्षाला १२४ पौंड. एकूण ८४७. बॉयलर शेंकडा ८५ उष्णता कामीं आणतो असें धरल्यास घरास प्रत्यक्ष लागली ती सुमारें ९,८०० युनिट उष्णता. पंपाचें वर्षाचें गुणोत्तर अडीच आलें, तर तेवढ्यासाठीं विजेचे १,०३० पौंड लागतील, आणि कुटुंब तोट्यांत जाईल. तीन आलें, तर ८६०, म्हणजे फिटंफाट. साडेतीन आलें, तर ७३६, आणि चार आलें, तर ६४४. एकच यंत्र एका घरांत दोनशें पौंड वांचवितें, तर दुसऱ्यांत जवळपास तेवढेच बुडवितें! सरकारी खर्चानें ७४२ घरांत जी चांचणी झाली, तिच्यांत हवेवरील पंपांचें मधलें गुणोत्तर तीनाच्या थोडें खालींच भरलें. तेव्हां आंधळेपणानें पाऊल टाकून चालणार नाहीं.

यांतील एक बारीक गोष्ट गृहिणींच्या ध्यानांत चटकन् येईल. स्वयंपाकाची गॅसची शेगडी तशीच ठेवली, तर स्थिर आकाराचे १२४ पौंड सुटत नाहींत. मग तुलना ८४७ शीं नव्हे, तर ७२३ शीं करावी लागते, आणि साडेतीनाचें गुणोत्तरहि अपुरें पडतें. फुलक्यांसाठीं ठेवलेली ती ज्योत अशी महाग पडते. शेगडी विजेची घेणें, हा खर्चहि म्हणून अंदाजपत्रकांत प्रथमपासूनच धरावा.

गुणोत्तर वाढतें कशानें? मुख्यतः पाणी कमी तापवावें लागल्यानें. आणि पाणी कमी तापवून भागतें केव्हां? घरांतील ऊब बाहेर कमी निसटते तेव्हां. गळक्या घागरींत पाणी ओतीत बसण्यापेक्षां आधीं छिद्र बुजवावें, हें शहाणपण येथेंहि लागू आहे. माळ्यावर २७० मिलिमीटर जाडीचें उष्णतारोधक आवरण घालणें, दारा-खिडक्यांच्या फटी बुजविणें, भिंत पोकळ असल्यास ती तज्ज्ञाकडून तपासून भरून घेणें, हीं कामें आधीं केलीं, तर पंप लहान पुरतो, रेडिएटर कमी बदलावे लागतात आणि बिलहि उतरतें. उलट क्रमानें गेल्यास मोठ्या पंपाची किंमत देऊन झालेली असते, आणि मग घर सुधारलें कीं तो पंप सारखा चालू-बंद होत राहतो.

याच हिशेबानें पाहतां, जादा भार दोन हजारांचा आणि बचत वर्षाला दोनशेंची असेल, तर तो फिटण्यास दहा वर्षें लागतात. शंभराचीच असेल, तर वीस. धूर व कर्बवायु कमी करण्याचें समाधान वेगळें, परंतु त्याची रक्कम पासबुकांत दिसत नाहीं. बॉयलर अद्याप धड असेल, त्यानें यंदाचे पैसे माळ्यावर व फटींवर खर्चावे आणि एका हिवाळ्यांत किती युनिट गॅस जळला, तो आंकडा लिहून ठेवावा. मात्र बॉयलर बंद पडण्याची वाट पाहत बसूं नये. ऐन जानेवारींत घरांत तान्हें मूल असावें, इकडून आजी-आजोबा गेलेले असावेत आणि रेडिएटर थंडगार पडावेत, अशा वेळीं हिशेब कोणी करीत नाहीं. मिळेल तो बॉयलर आणून बसवितात आणि प्रश्न पुढील कित्येक वर्षें तसाच राहतो.

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण सर्वांस पाठ आहे. येथें पाय पसरण्याआधीं अंथरूणाचीं भोंकें मोजावयाचीं आहेत, एवढाच काय तो फरक.