मेंदूच्या दुखापतीनंतर पुन्हा कामावर

लातूर-नांदेड रस्त्यावरील चाकूर, अहमदपूर, लोहा या भागांत अनेक शिक्षक दररोज दुचाकीने शाळेस जातात. एखाद्यास अपघात होतो, डोक्यास मार बसतो, आणि काही आठवड्यांच्या उपचारानंतर तो पुन्हा शाळेत हजर होतो. जखम भरलेली असते, चालणे-बोलणेही पूर्ववत दिसते. परंतु हजेरी भरावयाची राहून जाते, शालेय पोषण आहाराच्या नोंदीत चुका होतात, मुलांच्या गलक्याने गुरुजी एकाएकी संतापतात, आणि दुपारी खुर्चीवर डोळे मिटून बसतात. मग गावात बोलले जाते की, गुरुजी आळसावले. या समजुतीने त्या शिक्षकाची नोकरी व मान दोन्ही धोक्यात येतात.

जोराच्या आघाताने मेंदू कवटीच्या आतील बाजूवर आदळतो व त्यातील सूक्ष्म तंतू ताणले जातात. मेंदूचा पुढील भाग कामाची आखणी व रागाचा संयम सांभाळतो. तेथे इजा झाल्यास याच गोष्टी ढासळतात. कानांमागील बाजूच्या आतील भागास इजा झाल्यास नवे लक्षात राहत नाही. पूर्वी सवयीने होणाऱ्या कामास आता प्रयत्न लागतात, म्हणून थकवा लवकर येतो. कित्येकदा स्वतःतील उणीव त्या व्यक्तीसही उमगत नाही. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा अधिक वेगाने होते. पुढे ती मंदावते, तरी थांबतेच असे नाही.

द्विशिक्षकी शाळेत ही अडचण विशेष जाणवते. एकाच वेळी दोन इयत्ता सांभाळणे म्हणजे लक्ष सतत विभागणे, आणि दुखावलेल्या मेंदूस नेमके तेच जड जाते. अशा वेळी अध्यापनाचे जुने सूत्र उपयोगी पडते : सोप्याकडून कठिणाकडे. वैद्यांच्या सल्ल्याने व वरिष्ठांच्या संमतीने आरंभी सकाळचे दोन-तीन तास व एकच इयत्ता द्यावी, आणि ते झेपल्यावर काम वाढवावे. दिवसाचा क्रम कागदावर लिहून भिंतीस लावावा. सूचना एका वेळी एकच द्यावी व ती लिहूनही द्यावी. पैशांचे व धान्याचे हिशेब दुसऱ्याने पडताळावेत. मधल्या सुटीत शांत जागी विश्रांती मिळावी. झटके येण्याचा संभव असल्यास वैद्यांची अनुज्ञा मिळेपर्यंत दुचाकी चालवू नये. सहकाऱ्यावर पडणारा जादा भार ओळखून केंद्रप्रमुखांनी पर्यायी व्यवस्था करावी. अन्यथा सहानुभूतीची जागा कुरबुर घेते.

या बाबतीत कायद्याचाही आधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम २० अन्वये सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास शासकीय आस्थापनेने सेवेतून काढू नये अथवा खालच्या पदावर आणू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. पूर्वीचे काम न झेपल्यास त्याच वेतनश्रेणीचे दुसरे काम द्यावयाचे असते. जिल्हा परिषदेसारखी स्थानिक संस्थाही या नियमात येते. मात्र त्यासाठी वैद्यकीय तपासणी व दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आवश्यक ठरते. म्हणून उपचाराची सर्व कागदपत्रे प्रथमपासून जपून ठेवावीत.

लातूरच्या आडत बाजारातील हमाल किंवा अर्धापूरच्या केळीबागेतील मजूर यांस हे संरक्षण लाभत नाही. पोती मोजताना चुकणाऱ्या, भोवळ येऊन बसणाऱ्या माणसास मालक दारुडा समजतो व दुसरा गडी लावतो. तो एखाद्या विद्यार्थ्याचा पालक असू शकतो. शिक्षकाने मालकाशी दोन शब्द बोलावेत, प्रमाणपत्राचा अर्ज भरून द्यावा, मोजणीऐवजी झेपेल असे एखादे काम सुचवावे. त्यामुळे त्या घरची चूल पेटती राहील आणि त्या घरचे मूल शाळा सोडून मजुरीस जाणार नाही.