तुर्कस्तानच्या सैनिक स्त्रिया

बाईने चूल आणि मूल सांभाळावे, बंदूक पुरुषाने धरावी, ही समजूत केवळ आपल्याकडची नाही. ती जगभर होती. ज्या देशांनी ती लवकर मोडली, त्यांत तुर्कस्तानचे नाव घ्यावे लागेल. पण मोडलेली समजूत पुन्हा कशी उभी राहते, हेही याच देशाच्या इतिहासात दिसते. म्हणून आमच्या माताभगिनींनी, विशेषतः शाळा-कॉलेजात शिकणाऱ्या मुलींनी, हा इतिहास वाचावा असे आम्हांस वाटते.

बैलगाडीवरचा दारूगोळा

पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान हरले आणि परकीय फौजा देशात शिरल्या. मुस्तफा केमाल यांच्या नेतृत्वाखाली १९१९ ते १९२२ पर्यंत स्वातंत्र्ययुद्ध चालले. काळ्या समुद्रावरच्या इनेबोलू बंदरात उतरलेला दारूगोळा आत डोंगरापलीकडे न्यायचा होता. पुरुष आघाडीवर गेलेले. तेव्हा खेड्यापाड्यांतल्या बायकांनी बैलगाड्या जुंपल्या आणि थंडीवाऱ्यात तो माल पोहोचवला. त्यांतील बहुतेकींची नावे कुठेच लिहिलेली नाहीत. कष्टकऱ्यांचे असेच होते.

काहींची नावे मात्र राहिली. लेखिका हालिदे एदिब यांनी १९१९ साली इस्तंबूलच्या मैदानात प्रचंड जनसमुदायापुढे भाषण केले आणि पुढे सैन्यात जाऊन हुद्दा मिळवला. याच बाई १९३५ साली भारतात आल्या होत्या आणि दिल्लीच्या जामिया मिलिया संस्थेत त्यांची व्याख्याने झाली. दुसऱ्या एर्झुरूमच्या फात्मा सेहेर, लोक त्यांना 'कारा फात्मा' म्हणत. त्यांनी स्वतःची तुकडी घेऊन लढाया केल्या आणि लेफ्टनंटपदापर्यंत पोहोचल्या. आपले पेन्शन त्यांनी रेड क्रेसेंट या मदत संस्थेला देऊन टाकले. म्हातारपणी मात्र त्यांचे हाल झाले. अखेर १९५४ साली संसदेने त्यांना पेन्शन मंजूर केले आणि १९५५ साली त्या वारल्या.

आकाशकन्या

सर्वांत गाजलेले नाव साबिहा गोकचेन यांचे. १९१३ चा जन्म. या अनाथ मुलीला मुस्तफा केमाल अतातुर्क यांनी १९२५ साली दत्तक घेतले. १९३४ साली तुर्कस्तानात सर्वांना आडनाव घेण्याचा कायदा झाला, तेव्हा तिला 'गोकचेन' हे आडनाव मिळाले. त्या शब्दाचा आकाशाशी संबंध आहे. त्याच वर्षी तेथील स्त्रियांना संसदेच्या निवडणुकीत मताचा व उमेदवारीचा हक्क मिळाला. १९३६ साली साबिहा एस्कीशेहीरच्या लष्करी विमान शाळेत दाखल झाल्या. जगातील पहिल्या लढाऊ महिला वैमानिकांत त्यांची गणना होते. इस्तंबूलच्या एका विमानतळाला आज त्यांचेच नाव आहे. २००१ साली त्यांचे निधन झाले.

परंतु या कीर्तीला दुसरी बाजू आहे. १९३७ साली पूर्वेकडील देर्सिम भागात कुर्दी अलेवी लोकांविरुद्ध सरकारने लष्करी कारवाई सुरू केली. साबिहा यांनी त्या कारवाईत विमानातून बॉम्ब टाकले आणि त्याबद्दल त्यांना पदक मिळाले. डोंगरातली ती माणसे त्याच देशाची प्रजा होती. २०११ साली तत्कालीन पंतप्रधान एर्दोआन यांनी सरकारी कागदांच्या आधारे तेरा हजारांहून अधिक माणसे मारली गेल्याचे सांगितले आणि सरकारच्या वतीने माफी मागितली. मेलेल्यांत बायका होत्या, लेकरे होती. एका बाईच्या हाती विमान आले म्हणून खालच्या बाईचे दुःख कमी झाले काय?

दार उघडले, मिटले, पुन्हा उघडले

गोकचेन यांच्या एवढ्या नावलौकिकानंतरही लष्करी महाविद्यालयात मुलींना प्रवेश मिळायला १९५५ साल उजाडावे लागले. त्या पहिल्या मुलींपैकी लेमान आल्तिनचेकिच १९५८ साली जेट विमानाच्या वैमानिक झाल्या. नाटो राष्ट्रांतील त्या पहिल्या महिला जेट वैमानिक मानल्या जातात. मुली कमी पडतात असे म्हणायला जागाच उरली नाही. तरीही १९६१ साली हे प्रवेश थांबले, ते थेट १९९२ पर्यंत! म्हणजे एक पूर्ण पिढी दाराबाहेर राहिली. पुन्हा प्रवेश मिळाल्यावरही पायदळ, रणगाडे आणि पाणबुड्या ही कामे त्यांच्यासाठी बराच काळ बंद होती.

डोक्यावरच्या रुमालाचेही तसेच. लष्करात तो बांधायला बंदी होती. २०१७ साली ती उठली. बांधू नको म्हणणारे आणि बांध म्हणणारे दोघेही आपापले सांगतात, बाईला काय हवे ते विचारायचे मागे राहते.

२०२३ साली गोकचेन फिरात या तुर्की आरमाराच्या पहिल्या महिला अॅडमिरल झाल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये भूदलाच्या महाविद्यालयात एब्रू एरोलू ही मुलगी पहिली आली. मुख्य समारंभ आटोपल्यावर तिने व सोबतच्या तरुण अधिकाऱ्यांनी तलवारी उंचावून 'आम्ही मुस्तफा केमालचे सैनिक' अशी घोषणा दिली. शिस्तभंग झाला असे ठरवून जानेवारी २०२५ मध्ये तिला व आणखी काही जणांना लष्करातून काढून टाकण्यात आले.

यातून काय घ्यावे?

आमच्या मते दोन गोष्टी. पहिली, एकदा मिळालेला हक्क कायमचा आपला झाला असे समजून स्वस्थ बसू नये. नेत्याने कौतुकाने दिलेले पुढचा नेता काढून घेऊ शकतो. कायद्याने पक्के झालेले आणि लोकांनी राखलेलेच टिकते. दुसरी, गणवेश चढला की प्रश्न संपत नाही. हुकूम कोणाचा आणि मार कोणावर, हे विचारणारे मन गणवेशाच्या आतही जिवंत राहिले पाहिजे.

आपल्या घरातल्या मुलीने सैन्यात जाण्याची इच्छा बोलून दाखवली, तर तिला हसू नका. तिला शिकवा, पळायला-पोहायला पाठवा. पण तिच्या हाती साबिहाची गोष्ट द्याल, तेव्हा देर्सिमची गोष्टही द्या.