वाळवंट पिवळे नसते

मागच्या वर्षी आमच्या घरात एका खोक्यावरून अबोला झाला. खोक्यात प्लॅस्टिकचे सैनिक होते, जेमतेम अडीच सेंटिमीटर उंचीचे. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटात लढलेल्या ब्रिटिश आठव्या सेनेचे. नववीतल्या आमच्या मुलाने ते ईदीच्या पैशातून घेतले, खपून रंगवले आणि खिडकीजवळच्या फळीवर मांडले. त्याच खोलीत अम्मी नमाज पढतात.

"ही बुतं इथनं हलव," अम्मी म्हणाल्या.

"दादी, बुतं नाहीत, खेळणी आहेत."

"खेळणी आहेत तर खेळ. फळीवर कशाला मांडून ठेवायची?"

त्याने सैनिक खोक्यात भरले, खोके पलंगाखाली सारले आणि जेवताना बोलणे बंद केले. आम्ही दोघांच्या मधे. अम्मींना समजवावे तर त्यांचे चुकत नव्हते, मुलाला रागवावे तर त्यानेही काही वाईट केले नव्हते. शेवटी आम्ही आमच्या ओळखीच्या एका आलिमांना विचारले. त्यांनी ह. आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्यांची आणि त्यातल्या दोन पंखांच्या घोड्याची हदीस सांगितली. लहान मुलांच्या खेळण्यांना बहुतेकांनी सूट दिली आहे, काहींनी तीही दिलेली नाही. पण शोभेसाठी मांडून ठेवणे ही वेगळी गोष्ट, असे ते म्हणाले. प्रत्येकाने आपापल्या आलिमांना विचारावे. आम्ही एवढेच ठरवले की सैनिक झाकणाच्या डब्यात राहतील, खेळायला निघतील आणि परत डब्यात जातील. अम्मींनी मान डोलावली. अबोला मात्र गेला नाही. तो गेला पुढे, एका वेगळ्याच कारणाने.

पायाखालची चकती

या छंदात सैनिक नुसता उभा करत नाहीत. त्याच्या पायाखाली एक चकती असते, तिला 'बेस' म्हणतात. बेसवर वाळू, खडे, सुके गवत चिकटवून जमीन तयार करतात. सैनिक सगळीकडे सारखाच. तो कुठे लढतो आहे ते बेस सांगतो.

युद्धखेळात जमिनीचे महत्त्व पहिल्यापासून आहे. प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी सेनाधिकाऱ्यांसाठी हा खेळ घडवला. वडिलांनी १८१२ साली राजाला जो खेळ दिला, तो म्हणजे एक मोठे टेबल होते आणि डोंगर, नद्या, रस्ते दाखवणारे त्याचे तुकडे हवे तसे जुळवता येत. मुलाने १८२४ साली तोच खेळ नकाशावर आणला. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने छापले आणि हा खेळ घराघरांत गेला.

आमच्या मुलाचे पहिले बेस आम्हीच करून दिले. समुद्रावरून पिशवीभर वाळू आणली, पुठ्ठ्याच्या गोल चकत्या कापल्या, फेविकॉल लावला, वाळू दाबली, वरून पिवळा रंग दिला. दोन दिवसांनी पाहिले तर चकत्या पापडासारख्या वाकलेल्या. वाळूतल्या मिठाचा पांढरा थर रंगावर आलेला. आणि शिंपल्यांचे तुकडे सैनिकांच्या पायाशी भाकरीएवढे दिसत होते.

एका कणाचे गणित

भाकरीएवढे का दिसले, याचे उत्तर साध्या प्रमाणात आहे. हे सैनिक खऱ्या माणसाच्या बहात्तराव्या हिश्श्याचे. म्हणजे बेसवरचा १ मिलिमीटर हा खऱ्या जमिनीवरचे ७२ मिलिमीटर, सात सेंटिमीटरहून जास्त. तीन मिलिमीटरचा शिंपला तिथे वीतभर होतो. अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण साडेतीन सेंटिमीटरचा खडा होतो. आपण वाळू म्हणून जे चिकटवतो ती बेसवर वाळू नसतेच, ती खडी असते. खरी वाळू दाखवायची तर वाळूपेक्षा खूप बारीक काहीतरी हवे. आम्ही कोरडी माती मलमलच्या कापडातून चाळून घेतली.

मुलाने हे गणित वहीत मांडले आणि स्वतःच म्हणाला, "मग आपण चुकून बरोबरच केलं. तिथे खडीच होती."

त्याचे खरे होते. इजिप्तमधले अल अलामीन, जिथे १९४२ मध्ये आठवी सेना लढली, ते रेतीच्या टेकड्यांचे मैदान नव्हे. तिथे वरवर धूळ आणि खाली कठीण खडक. खंदक खणताना सैनिक घायकुतीला येत. आपली चौथी भारतीय डिव्हिजनही तिथे होती. सहाराचा जेमतेम पाव भाग रेतीचा आहे. बाकी उघडे खडक, खडीची पठारे, डोंगर. रेतीचा अथांग समुद्र पाहायचा तर अरबस्तानच्या दक्षिणेला रुब अल् खाली आहे. पण वाळवंट म्हणजे सगळीकडे तेच, असे नाही.

बेस असा करावा

चारपाच वेळा फसल्यावर आमची जी पद्धत बसली ती अशी.

चकती पुठ्ठ्याची नको, सनबोर्डची किंवा पातळ प्लायची घ्यावी. वाळू नदीची असली तरी दोनतीन पाण्यांतून धुऊन, उन्हात वाळवून घ्यावी. मग चाळणीने तीन वाटे करावेत: खडे, जाड वाळू, बारीक वाळू. चाळताना नाकाला रुमाल बांधावा. ही धूळ छातीत जाणे बरे नाही.

आधी दोनतीन मोठे खडे एका बाजूला चिकटवावेत. फुटक्या कौलाचे तुकडे यासाठी फार चांगले. मधोमध एकच खडा ठेवू नये. तो मुद्दाम ठेवल्यासारखा दिसतो. मोठ्या खड्यांच्या भोवती जाड वाळू, आणि मोकळ्या जागेत बारीक. खरा डोंगर झिजतो तेव्हा असेच होते, मोठे जवळ राहते, बारीक लांब जाते. फेविकॉलमध्ये थोडे पाणी घालून ते चकतीवर पसरावे, वाळूच्या ताटात चकती दाबावी, उलटी करून टिचकी मारावी आणि रात्रभर सुकू द्यावे. दुसऱ्या दिवशी अगदी पातळ फेविकॉलचा एक हात वरून द्यावा, म्हणजे ब्रश फिरवताना वाळू सुटत नाही.

सुकलेल्या तळ्याची भेगाळ जमीन हवी असेल तर फेविकॉलचा जाड थर द्यावा आणि तो चिकट असतानाच वर ॲक्रिलिक रंग एकदाच ओढावा. पुन्हा पुन्हा ब्रश फिरवू नये. सुकताना रंग आपोआप तडकतो. थर जाड तर भेगा मोठ्या, पातळ तर बारीक.

रंगाला सुरुवात पिवळ्याने नव्हे, गडद तपकिरीने करावी. तो सुकला की काळपट तपकिरी रंगाचे पाणी सोडावे. ते फटींत उतरते आणि सावली तयार होते. मग मुख्य काम. ब्रश खाकी रंगात बुडवून फडक्यावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसावा आणि हलक्या हाताने वरून फिरवावा. रंग फक्त उंचवट्यांना लागतो. शेवटी हाडासारखा पांढुरका रंग, तोही तसाच, अगदी थोडा.

गवतासाठी नारळाचा काथ्या चालतो. पण तो कुठेही लावू नये. वाळवंटात गवत दगडाच्या आडोशाला उगवते, कारण तिथे सावली असते आणि ओल थोडी जास्त टिकते. गवताचे एक झुडूप योग्य जागी असले की बेस खरा वाटतो.

"वाळूत खंदक टिकेल कसा?"

रबीउल अव्वलमध्ये आमच्या शाळेत सीरतवर प्रदर्शन असते. गेल्या वेळी नववीच्या वर्गाकडे गजवा-ए-खंदक आला. वर्षानुवर्षे जे होते तेच आम्ही मुलांना सांगितले: मोठ्या फळीवर पिवळी वाळू पसरा, खजुराची झाडे लावा, मधे चर काढा. माणसांची चित्रे नाहीत, पुतळे नाहीत, हे तर ठरलेलेच. आमच्या शाळेत सहाबांची प्रतिमा आजवर कुणी केलेली नाही, करणारही नाही.

रात्री मुलाने ताटात कोरडी वाळू घेतली, चमच्याने चर काढला आणि आमच्यासमोर ठेवला. दोन्ही बाजूंनी वाळू घसरून चर बुजला.

"वाळूत खंदक टिकेल कसा? आणि एकाच बाजूला खणला, तर दहा हजारांचं लष्कर दुसऱ्या बाजूने का आलं नाही?"

इतकी वर्षे हा धडा शिकवला, पण हा प्रश्न आम्हाला पडला नव्हता. खोदताना एक कठीण कातळ आडवा आला, तो कुणाला फुटेना, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः खंदकात उतरले आणि त्यांच्या घावाने तो फुटला, हे आम्ही दर वर्षी सांगतो. कातळ आडवा आला म्हणजे जमीन रेतीची नव्हती, एवढा साधा विचार आम्ही केला नव्हता.

अम्मी आतून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या, पिवळ्या ताटाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "हे मदीना नव्हे. हजला गेले तेव्हा मक्क्याहून मदीन्याला जाताना बसच्या खिडकीतून बघितलंय मी. काळे दगड. मैलोन् मैल काळे. जळल्यासारखे."

अनेक दिवसांनी मुलाने मान वर करून दादीकडे पाहिले. "काळे म्हणजे कसे? आपल्या कातळासारखे?"

"तसेच. पण धारदार."

ते दगड म्हणजे हर्रा, ज्वालामुखीच्या लाव्ह्याची जमीन. मदीनेच्या दक्षिणेला हर्रत रहात हा लाव्ह्याचा प्रदेश सुमारे ३०० किलोमीटर पसरला आहे. ६५४ हिजरीत, म्हणजे १२५६ साली, मदीनेजवळ तिथे उद्रेकही झाला होता. शहराच्या पूर्वेला हर्रा वाकिम, पश्चिमेला हर्रा वबरा. त्या धारदार दगडांतून घोडदळ दौडत येऊ शकत नाही. दक्षिणेला खजुराच्या दाट बागा आणि वस्ती. मोकळी राहिली ती उत्तर. ५ हिजरीत ह. सलमान फारसी (रजि.) यांच्या सल्ल्याने खंदक खणला गेला तो तिथेच, मागे सिला डोंगर ठेवून. तीन हजार माणसांना चारी बाजू खणण्याची गरज नव्हती. अल्लाहने तीन बाजू आधीच दिल्या होत्या. राखायला उरली होती एक.

आपल्याच खाणीतला दगड

मग आम्ही मॉडेल नव्याने केले. पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवून सिला डोंगर उभा केला. थर पातळ आणि कडेला दाबलेले असल्याने या वेळी ते वाकले नाहीत. उत्तरेला वरचे दोन थर कापून खंदक काढला. बागांसाठी हिरवा रंगवलेला काथ्या. हर्रासाठी दगड कुठून आणायचा, हा प्रश्न अम्मींनीच सोडवला: "खडीच्या क्रशरवर जा."

महाराष्ट्राचा काळा कातळ हादेखील लाव्ह्याचाच, कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड झालेला. क्रशरवरची काळी कच आम्ही पिशवीभर आणली, धुतली, चाळली. फळीच्या दोन्ही बाजूंना ती जाड थरात बसवली. रंग द्यावाच लागला नाही. फक्त कोरड्या ब्रशने वरून थोडी तपकिरी धूळ फिरवली. हे काम मुलाने केले आणि शेजारी बसून अम्मींनी सांगितले, इथे कमी, इथे जास्त.

प्रदर्शनात आलेली मुले आधी विचारत, "सर, हे काळं काय?" मग आमचा मुलगा सांगायचा. बोट काळ्या दगडावरून फिरवायचा आणि उत्तरेच्या चरापाशी आणून थांबवायचा. एकही माणूस न दाखवता लढाई समजत होती.

मॉडेल आता शाळेच्या कपाटात आहे. सैनिक डब्यात आहेत. शुक्रवारी दुपारी निघतात आणि असरच्या आत परत जातात. फळीवर मात्र एक रिकामा बेस ठेवला आहे. काळी कच, एका दगडाच्या आडोशाला गवताचे झुडूप, वर कुणी नाही. तो अम्मींनी हलवायला सांगितलेला नाही.

परवा सहावीच्या वर्गात वाळवंट काढायला पिवळा खडू उचलला, आणि परत खोक्यात ठेवून तपकिरी घेतला.