ताकदीचे इंजेक्शन की गर्भनिरोधक?

पिळदार शरीरासाठी जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणारे अनेक तरुण असतात. ‘पुरुषी हार्मोन’ वाढले की पौरुषही वाढणार, असा त्यांचा समज. पण याच इंजेक्शनाची जागतिक आरोग्य संघटनेने एकेकाळी चाचणी घेतली होती ती पुरुषांसाठीचे गर्भनिरोधक म्हणून!

सात देशांतील 271 निरोगी पुरुषांना दर आठवड्याला 200 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनान्थेट टोचण्यात आले. त्याचे निष्कर्ष 1990 मध्ये प्रसिद्ध झाले. वीर्यातील शुक्राणू पूर्ण नाहीसे झालेले 157 पुरुष पुढे वर्षभर फक्त याच इंजेक्शनावर विसंबून राहिले. त्या काळात गर्भधारणा झाली केवळ एक.

असे का होते? वृषणांना कामाचा आदेश मेंदूकडून मिळतो. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन्स सोडते. एलएचमुळे वृषणांत टेस्टोस्टेरॉन बनते, तर एफएसएच शुक्राणूंच्या निर्मितीला मदत करते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की मेंदूला वाटते, साठा भरपूर आहे. आणि तो आदेश थांबवतो. शुक्राणू तयार होण्यासाठी वृषणांच्या आत रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट अधिक टेस्टोस्टेरॉन लागते. ते इंजेक्शनाने भरून निघत नाही. रक्तात हार्मोन भरपूर, पण वृषणांत दुष्काळ! हळूहळू वृषणे आकाराने लहानही होतात.

पुढे टेस्टोस्टेरॉनला प्रोजेस्टेरॉनसारख्या दुसऱ्या कृत्रिम हार्मोनची जोड देऊन 320 पुरुषांवर चाचणी झाली. गर्भनिरोधक म्हणून ती परिणामकारक ठरली. पण मुरुमे, मनःस्थितीतील चढउतार, इंजेक्शनाच्या जागी वेदना अशा तक्रारी वाढल्याने 2011 मध्ये इंजेक्शने थांबवावी लागली.

ही सर्व इंजेक्शने डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत दिलेली होती. जिममध्ये मात्रा अनेकदा त्याच्या कितीतरी पट असते आणि तपासणी होतच नाही. अशा वेळी रक्त घट्ट होणे, चांगले कोलेस्टेरॉल घटणे, छाती स्त्रियांसारखी वाढणे हे धोकेही संभवतात.

इंजेक्शने बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परत येतात. मात्र एक शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे अडीच महिने लागतात. त्यामुळे काहींना सहा महिने, काहींना वर्ष-दोन वर्षे वाट पाहावी लागते. मधल्या काळात थकवा, उदासी, कामेच्छा कमी होणे असा त्रास होतो आणि तो टाळण्यासाठी पुन्हा सुई घेण्याचा मोह होतो.

लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू होतात, तेव्हा अनेकदा पहिली रांग पत्नीचीच लागते. पतीने जिममधील इंजेक्शनांचा विषय लपवला, तर निदान लांबते. म्हणून डॉक्टरांना सगळे मोकळेपणाने सांगावे. वीर्य तपासणी आणि एलएच, एफएसएचची रक्त तपासणी यातून नेमके कारण कळते आणि त्यावर उपचारही आहेत.