एका डावात कुस्ती जाते का?

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मोठी जोड सुटली की परतणाऱ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, 'एका डावात नेली!' लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या फडावरही हेच ऐकू येतं. हलगी कडाडते, फेटे उडतात आणि त्याआधी मातीत काय घडलं, ते कुणाच्याच लक्षात राहत नाही.

कुस्ती एका डावात संपू शकते, हे खरं आहे. फुटबॉलमध्ये पाचव्या मिनिटाला गोल झाला तरी उरलेली पंच्याऐंशी मिनिटं खेळावीच लागतात. कुस्तीत दोन्ही खांदे टेकले की गुणफलकावर काहीही असो, लढत तिथेच थांबते. म्हणून 'गुणांत मागे पडला, आता गेला' हा पहिला गैरसमज. टोकियो ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत रवी दहिया कझाकस्तानच्या सानायेवकडून 2-9 असा मागे होता, तरी अखेरच्या मिनिटात चितपट करून तो जिंकला. मात्र त्या डावाआधी त्याने तीन गुण वसूल करून फलक 5-9 वर आणला होता. चितपट त्याच रेट्यातून आली.

कुस्ती एका डावात संपू शकते, पण क्वचितच एका डावात ठरते. एकेरी पट घ्या. प्रेक्षकाला दिसतं ते एवढंच, की पैलवान खाली झेपावला, पाय उचलला आणि समोरचा पडला. त्याआधीच्या खडाखडीत त्याने मानेवर हात टाकून समोरच्याचं डोकं चार वेळा खाली ओढलेलं असतं. दर वेळी तो मान ताठ करतो. पाचव्या वेळी ओढ लागताच तो सवयीने जरा जास्तच वर येतो, वजन टाचांवर जातं आणि पुढचा पाय मोकळा होतो. पट निघतो तो त्या क्षणी. वस्ताद आखाड्याबाहेरून 'डोकं लाव, हात सोडू नको' असं ओरडत असतात ते यासाठीच.

'झटपट निकाल म्हणजे नशीब' हा दुसरा गैरसमज. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात नांदेडकडून उतरलेल्या शिवराज राक्षेने महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत सोलापूरच्या महेंद्र गायकवाडला मिनिटाच्या आत चितपट केलं. दोघेही लातूर जिल्ह्यातले अर्जुन पुरस्कार विजेते काका पवार यांचे पठ्ठे, एकाच तालमीतले. एकमेकांची धर ठाऊक असलेल्यांची कुस्ती अनेकदा अशीच चटकन उरकते. कुणाची चाहूल कुठून लागते, हे दोघांनाही माहीत असतं आणि जो आधी हलतो त्याचं साधतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला याच किताबाच्या अंतिम लढतीत सिकंदर शेखने शिवराजला अर्ध्या मिनिटाच्या आत आस्मान दाखवलं. दहा महिन्यांत शिवराजचं नशीब फिरलं, असं मी मानत नाही. या उंचीच्या पैलवानांत पहिली चूकही शेवटची ठरू शकते, एवढंच यातून दिसतं.

तरी मोठ्या लढती बहुतेक वेळा थेंबाथेंबाने भरतात. वस्ताद बिराजदार मामांच्या आणि पुढे काका पवारांच्या हाताखाली तयार झालेल्या, बीड जिल्ह्यातल्या राहुल आवारेने 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते 15-7 अशा गुणांनी. पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेचं कांस्य 11-4 ने. यातला कोणता डाव निर्णायक म्हणायचा? ताबा घेतल्याचे दोन, वर्तुळाबाहेर ढकलल्याचा एक, असे गुण साठत गेले.

शेवटच्या सेकंदाचा गुणच निकाल लावतो, असंही अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात गुण सारखे झाले तर आधी कुणाचा डाव जास्त गुणांचा होता ते पाहतात, मग ताकिदी मोजतात आणि त्यावरही तिढा सुटला नाही तरच शेवटचा गुण कुणाचा, ते विचारात घेतात. शेवटचा गुण रांगेत तिसरा आहे.

मग एका क्षणात कुस्ती खरोखर ठरते ती कुठे? पंचाच्या शिटीत. 2 फेब्रुवारी 2025 ला अहिल्यानगरात महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाच्या अंतिम लढतीत पुण्याच्या पृथ्वीराज मोहोळने शिवराजला चितपट केल्याचा निर्णय झाला. दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, चित्रीकरण पाहा, असं शिवराजचं म्हणणं होतं. वाद पेटला, त्याने पंचाला लाथ मारली आणि कुस्तीगीर संघाने त्याच्यावर तीन वर्षांची बंदी घातली. लाथेचं समर्थन होऊच शकत नाही. पण पंचाने दोन गुण चुकीचे दिले तर पैलवानाला ते उरलेल्या वेळात भरून काढता येतात. चुकीची चितपट भरून काढायला वेळच उरत नाही. नियमही हे ओळखतो. खांद्यांचा ओझरता स्पर्श पुरत नाही, पूर्ण ताबा दिसावा लागतो आणि शिटीआधी पंचाने साईड पंच किंवा मॅट चेअरमनची संमती घ्यायची असते.

माझी मागणी साधी आहे. महाराष्ट्र केसरीच्या उपांत्य आणि अंतिम लढतींत चितपटीचा प्रत्येक निर्णय, कुणी मागो न मागो, विजेत्याचा हात वर करण्याआधी चित्रीकरणावर तपासला जावा.