नाट्यशिक्षणाची पहिली अक्षरे

स्नेहसंमेलन जवळ आले की आपल्या वसतिगृहाच्या सभागृहात रात्री उशिरापर्यंत तालमी चालतात. संवाद पाठ झाले म्हणजे नाटक बसले, अशी अनेक पालकांची समजूत असते. वस्तुतः खरे काम त्यानंतर सुरू होते. नवशिक्या मुलांना आम्ही आरंभी जे शब्द शिकवतो, त्यांची ओळख येथे करून देत आहोत. उदाहरण महात्मा जोतीराव फुले यांच्या ‘तृतीय रत्न’चे घेतो. १८५५ साली लिहिलेले हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीने स्वीकारले नाही आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे ते छापले गेले नाही.

लिहिलेले नाटक म्हणजे संहिता. ती उभी करण्याचा सराव म्हणजे तालीम. पोशाख, रंगभूषा, प्रकाश यांसह होणारी शेवटची ती रंगीत तालीम. रंगमंचावरील घर, अंगण, देऊळ यांची मांडणी म्हणजे नेपथ्य. दोन्ही बाजूंना नट जेथे थांबतात त्या विंगा. रंगमंचाची उजवी-डावी बाजू प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची धरायची. या एका नियमावर पहिले तीन दिवस हमखास गोंधळ होतो.

अभिनयाचे चार प्रकार भरताच्या नाट्यशास्त्रात सांगितले आहेत. शरीराने केलेला आंगिक, वाणीने केलेला वाचिक, वेश व रंगभूषेचा आहार्य आणि मनोवस्थेतून उमटणारा सात्त्विक. याच ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात, शूद्रांना वेदश्रवणाचा अधिकार नसल्यामुळे सर्व वर्णांसाठी नाट्य हा पाचवा वेद निर्माण केला, अशी कथा आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती जरूर वाचावी आणि मूळ चारांची दारे का उघडली नाहीत, हेही विचारावे. आज हाती असलेले सर्वांत जुने संस्कृत नाट्यावशेष बौद्ध आहेत, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असते. मध्य आशियात ताडपत्रांचे तुकडे सापडले आणि १९११ मध्ये ल्यूडर्स या जर्मन विद्वानाने त्यांतून अश्वघोषाचे ‘शारिपुत्रप्रकरण’ ओळखले. नऊ अंकांच्या या नाटकाचा विषय सारिपुत्त व मोग्गल्लान यांची धम्मदीक्षा हा आहे.

आता सर्वांत अवघड शब्द : हेतू. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की यांनी नटाला शिकवले की, राग किंवा दुःख ‘दाखवू’ नये. या क्षणी आपल्या पात्राला समोरच्याकडून काय हवे आहे, ते शोधावे. भावना त्यामागून येते. ‘तृतीय रत्न’मध्ये जोशी गरोदर कुणबी स्त्रीला ग्रहपीडेची भीती घालतो आणि शांतीच्या नावाखाली त्या घराला खर्चात लोटतो. आमच्याकडे हे नाटक बसवताना जोश्याचे काम करायला एकही मुलगा तयार होईना. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी हेच सोसले, त्यांनी ते काम का करावे, हा मुलांचा प्रश्न खोटा नव्हता. अखेर एकाने होकार दिला, पण जोश्याला त्याने पुरते सोंग करून टाकले. डोळे फिरवले, आवाज किनरा काढला. मुले खळखळून हसली.

आम्ही त्याला थांबवून एवढेच विचारले, ‘‘असा जोशी तुझ्या आईला फसवू शकेल का?’’ तो गप्प झाला. दुसऱ्या रात्री त्याने जोशी मृदू आवाजात केला. पंचांग हलकेच उघडले, बाईची आपुलकीने चौकशी केली आणि ‘पीडा’ म्हणण्याआधी क्षणभर थांबला. या थांबण्याला विराम म्हणतात. मुले ‘पॉज’ म्हणतात. ओठांवर काळजी आणि मनात दक्षिणा, हा संवादाआडचा अर्थ झाला. पात्राची बाजू समजून घेणे म्हणजे त्याची बाजू घेणे नव्हे, हे त्या दिवशी मुलांना न सांगता कळले.

मग निवाडा कोण करतो? जोतीरावांनी त्यासाठी विदूषक ठेवला आहे. संस्कृत नाटकातील राजाचा खादाड मित्र तो हा नव्हे. प्रसंगाप्रसंगांमध्ये येऊन तो फसवणूक उघडी करतो. नाटकाच्या शेवटी ते कुणबी जोडपे शाळेत शिकायला जायचे ठरवते.

प्रयोगाच्या रात्री जोश्याने पंचांग उघडले तेव्हा सभागृहात कोणीही हसले नाही. मागच्या रांगेतून एका वृद्ध बाईंचा आवाज मात्र स्पष्ट ऐकू आला : ‘‘नको गं बाई, देऊ नको त्याला.’’