एक्सप्लेनर : गच्चीवर किंवा स्वतःच्या प्लॉटवर गोल्फचा सराव करता येतो का? जागा, जाळी, रेती आणि पाण्याचा हिशेब

नागपूर : खाली कापडाचं दुकान, वर घर आणि त्यावर गच्ची, ही गांधीबागेतली जुनी रचना. अशा अनेक कुटुंबांचा शहराबाहेर एखादा प्लॉट असतो, नाहीतर एक-दोन एकर शेती असते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोकचं पदक थोडक्यात हुकलं आणि ती चौथी आली, तेव्हापासून गोल्फ हा फक्त साहेबांचा खेळ राहिला नाही. त्याच स्पर्धेत पुण्याचा उदयन माने खेळला होता. घरातल्या कुणाला हा शौक लागला की प्रश्न येतो : क्लबचं सदस्यत्व नको, आपल्याच जागेत सराव करता येईल का?

येतो. पण कोणता सराव आणि कुठे, हे आधी ठरवावं लागतं. गच्चीवर जे चालतं ते शेतात गरजेचं नाही, आणि शेतात जे शक्य आहे ते गच्चीवर केलं तर स्लॅब धोक्यात येतो.

किती जागा लागते?

ड्रायव्हरने पूर्ण ताकदीचा फटका मारायचा तर समोर साधारण २३० मीटर मोकळी जागा हवी. चेंडू उजवीकडे-डावीकडे भरकटतो, म्हणून रुंदी किमान ६० मीटर धरा. हे झाले १३,८०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास साडेतीन एकर. तेही आजूबाजूला रस्ता, घर किंवा शेतात काम करणारी माणसं नसतील तर.

पण सगळा गोल्फ लांब फटक्यांचा नसतो. १८ होलच्या मैदानाचा पार ७२ असतो आणि त्यात दर होलला २ याप्रमाणे ३६ फटके पटिंगचे गृहीत धरलेले असतात. म्हणजे निम्मा खेळ चेंडू हळूच ढकलून होलमध्ये घालण्याचा. होलचा व्यास १०८ मिलिमीटर. याच्या सरावाला एक गुंठाही पुरतो. अमेरिकेच्या फिल मिकेल्सनच्या वडिलांनी सॅन दिएगोतल्या घराच्या मागच्या अंगणात छोटं ग्रीन तयार केलं होतं, पोरगा त्यावरच शिकला. जवळचे नाजूक फटके हीच पुढे त्याची ओळख झाली.

आणखी जवळचं उदाहरण मुंबईचं आहे. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबला लागून असलेल्या वस्तीत कॅडीचं काम करणारी मुलं बोळांमध्ये गोल्फ खेळत. स्टिक म्हणून वाकवलेली लोखंडी सळई, चेंडू प्लास्टिकचा. पोलंडचे छायाचित्रकार तोमाश गुजोवाती यांनी त्यांची छायाचित्रं काढली आणि हा खेळ जगभर पोहोचला. गांधीबागेच्या गच्चीसाठी यातली कामाची गोष्ट म्हणजे प्लास्टिकचा चेंडू.

खऱ्या चेंडूने गच्चीवर काय होऊ शकतं?

थोडं गणित करू. गोल्फचा चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा असतो. हौशी खेळाडूचा बरा फटका ताशी २१६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ६० मीटर वेगाने सुटतो. त्यातली ऊर्जा होते सुमारे ८३ ज्यूल. पावणेतीन किलोची वीट तीन मीटरवरून पडली तर साधारण तेवढीच ऊर्जा असते. तीन मीटरवर कुणी उभं असेल तर चेंडू त्याच्यापर्यंत एका सेकंदाच्या विसाव्या भागात पोहोचतो. वाकायलाही वेळ मिळत नाही.

खाली सेंट्रल एव्हेन्यू किंवा बाजाराची गल्ली, हमाल, हातगाड्या, ग्राहक. वर मेट्रोचा मार्ग. इथे खरा चेंडू उघड्यावर मारणं हा हौसेचा प्रश्न उरत नाही. दुसऱ्याच्या जीविताला धोका होईल असं निष्काळजी कृत्य भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ मध्ये गुन्हा आहे.

म्हणून जाळी. इथेच सर्वाधिक चुका होतात. क्रिकेटची जाळी स्वस्तात आणि सहज मिळते, पण क्रिकेटचा चेंडू सात सेंटिमीटरहून मोठा, तर गोल्फचा किमान ४२.६७ मिलिमीटर. क्रिकेटच्या जाळीची चौकट अनेकदा यापेक्षा मोठी असते आणि चेंडू आरपार जातो. विकत घेण्याआधी मोजपट्टी लावा. २५ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक चौकट हवी.

दुसरी चूक म्हणजे जाळी तबल्यासारखी ताणून बांधणं. ताणलेली जाळी चेंडू परत फेकते. ती सैल लोंबती हवी, आणि तिच्या मागे एक मीटर तरी मोकळं हवं. तिला टेकून भिंत असेल तर चेंडू जाळीसकट भिंतीवर आपटून तोंडावर येऊ शकतो. लोखंडी खांबांवर जुने फोमचे गादीचे तुकडे बांधा. दिसायला वाईट दिसतं, पण दात शाबूत राहतात.

तिसरी चूक वरून उघडं ठेवण्याची. वेजने मारलेला चेंडू ४५ अंशांत उठला तर तीन मीटर पुढे जाईपर्यंत तो तीन मीटर उंच गेलेला असतो. म्हणजे तीन मीटर उंचीची जाळी तो ओलांडणार. त्यामुळे समोर, दोन्ही बाजूंना आणि छतालाही जाळी, असा पूर्ण पिंजराच हवा. नागपूरच्या उन्हात नायलॉन वर्षा-दोन वर्षांत कमकुवत होतं. दर काही आठवड्यांनी बोटाने ओढून पाहा, धागा तुटला तर जाळी बदला. मे महिन्यातल्या वादळात जाळी शिडासारखी वारा धरते, तेव्हा ती दोरीने गुंडाळून ठेवता येईल अशीच बांधा.

खरं सांगायचं तर गच्चीसाठी प्लास्टिक किंवा फोमचा चेंडू आणि खाली मॅट हीच शहाणी जोडी आहे. स्विंग तोच राहतो, चेंडू थोड्याच अंतरावर पडतो.

गच्चीवर खरं गवत लावलं तर?

अमेरिकन गोल्फ संघटनेच्या १९६० पासून रूढ असलेल्या पद्धतीत ग्रीनखाली ३० सेंटिमीटर रेतीचा थर, त्याखाली १० सेंटिमीटर गिट्टी आणि पाणी वाहून नेणारे पाइप असतात. ओली रेती आणि गिट्टी मिळून दर चौरस मीटरला ७०० किलोच्या आसपास वजन होतं. भारतीय मानक ८७५ प्रमाणे वापरात असलेल्या गच्चीसाठी धरला जाणारा भार दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो आहे. गच्चीवर मांडीपर्यंत पाणी भरून ठेवण्यासारखंच हे. गांधीबागेतल्या कित्येक इमारतींचे नकाशेही आज सापडत नाहीत. तेव्हा हा विचार सोडा.

कृत्रिम गवताची मॅट चालते, पण उन्हाळ्यात दुपारी तिचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे तापतो. सकाळी सातच्या आत किंवा दिवेलागणीनंतरच खेळा. पावसाळ्यात मॅट गुंडाळून ठेवा, नाहीतर खाली पाणी साचून गळती सुरू होईल आणि ती थेट दुकानातल्या गठ्ठ्यांवर उतरेल.

प्लॉटवर ग्रीन : काळ्या मातीचा त्रास

शहराबाहेर खरं ग्रीन करता येतं. जगभर उष्ण प्रदेशांत ग्रीनसाठी वापरलं जाणारं बर्म्युडा गवत आपल्याला अनोळखी नाही. गणपतीला वाहतो ती दूर्वा, शेतकरी जिला हरळी म्हणून शिव्या देतो तीच. ग्रीनवर तिचे बुटके संकरित वाण लावतात, उदाहरणार्थ टिफड्वार्फ. या वाणांना रुजणारं बी येत नाही, म्हणून धुमारे लावावे लागतात. त्यासाठी पावसाळ्याची सुरुवात चांगली. सावली मात्र चालत नाही. आंब्याखाली ग्रीन करायचा बेत असेल तर आंबा ठेवा, ग्रीन हलवा.

आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट गवत लावलं तर दोन पावसांत उंचवटे-खड्डे तयार होतात आणि चेंडू सरळ जात नाही. एक गुंठ्याच्या, म्हणजे सुमारे १०० चौरस मीटरच्या ग्रीनला वरच्या पद्धतीने ३० घनमीटर रेती लागते. आपल्या भाषेत साडेदहा ब्रास. शिवाय साडेतीन ब्रास गिट्टी. कन्हानची असो वा कुठलीही, रेती रॉयल्टीच्या पावतीसह घ्या. ती धुतलेली हवी. काचेच्या बाटलीत रेती आणि पाणी घालून हलवा आणि रात्रभर ठेवा. वर गाळाचा जाड थर बसला तर ती रेती बांधकामाला द्या, ग्रीनला नको. उतार १ ते ३ टक्के पुरे, म्हणजे १० मीटरला १० ते ३० सेंटिमीटर.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. मे महिन्यात गवताला दिवसाला ५ ते ८ मिलिमीटर धरले, तर एक गुंठ्याला रोज ५०० ते ८०० लिटर. शेजारच्या विहिरीचं पाणी आटत असताना हे पाणी कुठून आणणार, याचं उत्तर खड्डा खणण्याआधी घरात ठरलेलं बरं.

गवत कापणं वेगळंच प्रकरण. ग्रीन ३ ते ४ मिलिमीटरवर कापतात. बागेतलं साधं यंत्र इतकं खाली जात नाही, त्याला रीळ पद्धतीचं यंत्र लागतं. हंगामात रोज किंवा दिवसाआड कापणी आली. माळी ठेवायची तयारी नसेल तर गवत थोडं उंच ठेवून चिपिंगचा सराव करा, पटिंग घरात मॅटवर.

परवानगी लागते का?

जमीन शेतीची असेल तर आधी सातबारा पाहा. विदर्भात शेतजमीन खरेदीला १९५८ चा विदर्भ कूळवहिवाट कायदा लागू आहे, बिगरशेतकऱ्याला ती सरळ घेता येत नाही. शेतीचा वापर बदलायचा तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या तरतुदी येतात. शुल्क घेऊन लोकांना खेळायला दिलं की तो व्यवसाय होतो. आराखड्यातली जमीन आणि गावठाणालगतची जमीन यांना नियम वेगळे आहेत, त्यामुळे तहसील कार्यालयात लेखी विचारा. महानगर क्षेत्रात उंच खांब किंवा शेड उभारायचं असेल तर एनएमआरडीएकडे, शहराच्या हद्दीत महापालिकेकडे. गांधीबागेतल्यांसाठी ते महापालिकेचं गांधीबाग झोन कार्यालय. इमारत भाड्याची किंवा भागीदारीतली असेल तर गच्चीवर एक खिळा ठोकण्याआधीही बाकीच्यांची लेखी संमती घ्या.